चुरमुऱ्यांना आधी तेल

मोडकाकांच्या हाती प्लास्टिकची वस्तू लागली, की ती वाकवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. माझी फूटपट्टी गेली, कॅन्टीनचे चमचे गेले, एकदा तर शेठच्या नव्या खुर्चीचा हात! वर म्हणणार, "माल कच्चा हाय गो, मी काय करू?"

अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात ते प्लास्टिक वितळवून मिसळायचं मशीन चालवत. मी तिथे पीएचडीचं बाड घेऊन थडकले. प्लास्टिकच्या दाण्यांत मैद्याहून कितीतरी बारीक अशी नॅनो-माती चिमूटभर मिसळली, की ते चिवट होतं, एवढाच माझा विषय. कॉलेजच्या लॅबमध्ये वाटीभर मालात झकास जमलं होतं. इथे पंचवीस किलोत नुसत्या गुठळ्या! मशीनमधून नमुन्याची पट्टी बाहेर आली की काका वाकवणार, कट्! "खाकरा झाला!" म्हणून खदाखदा हसणार. मला कसलं हसू येतंय? कॉलेजातल्या माझ्या गाईड सरांनी बजावलं होतं, लागोपाठ तीन बॅच एकसारख्या निघाल्या तरच प्रबंध, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

एका दुपारी चिवडा खाता खाता काका थबकले.

"काय गो, चुरमुऱ्यांवर तिखट कोरडंच टाकतेस?"

"छे, आधी तेल."

"मग दाण्यांवर माती कोरडी कशाला? तळाला बसणारच ना ती!"

डोंबलाची माझी विद्वत्ता! दाण्यांना चमचाभर पांढरं खनिज तेल चोळलं, मग माती. पट्टी वाकली, वळली, पण मोडेना. काका ती डोक्यावर धरून नाचले. मीही नाचले, सेफ्टी शूजसकट.

दुसरी बॅच नेमकी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आली. आमचे सिंधी शेठ शाल-नारळ घेऊन ताटकळले. "अरे साईं, नारियल पकड़ के हाथ दुख गया!"

"थांबा हो शेठ, पट्टी गरम हाय!"

तीही मोडेना. मग शेठनेही वाकवून पाहिली, शिपायानेही. या गडबडीत सत्काराचं भाषण राहूनच गेलं. काका शाल काखोटीला मारून बदलापूर गावाच्या रिक्षात बसले.

तिसरी बॅच मी एकटीने काढली. पट्टी वाकवली, आणि "काका, मोडेना!" म्हणून ओरडत मागे वळले. मागे कोणीच नव्हतं. इतकं भरून आलं, की सरांच्या आधी काकांनाच फोन लावला.

"काका, तिसरीपण जमली!"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"माझ्याबिगर जमली? मग झालीस गो तू डॉक्टर!"