कौसाच्या वतीनं दिलेली उत्तरं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. तुम्ही म्हणाल, ह्या बोलभांड माणसाकडं न सांगितलेलं काही शिल्लक राहिलंच कसं? रास्त आहे. माझ्या शेतातला एक भोपळा घरी आणायला दोन बैलगाड्या लागल्या, हे आमच्या बोरी गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण ही गोष्ट खरी आहे — म्हणून तर जिभेवर येत नाही.

माझ्या बायकोची आहे. कौसाची. चार वर्षं झाली तिला जाऊन. आता घरात मीच बोलतो अन् मीच ऐकतो. आणि खरं सांगू? एकट्याला थाप मारता येत नाही.

देवळापुढं तपासणीचं शिबिर होतं. कौसाचं प्रेशर वाढलेलं निघालं. नर्सबाई म्हणाल्या, "नुसत्या आकड्यावर कळत नाही, काकू. बाकीचं विचारून धोका किती ते ठरवावं लागतं." त्यांनी फॉर्म पुढं ओढला. आईवडिलांत कुणी छातीच्या दुखण्यानं गेलं का?

माझी सासू पंचेचाळिशीत गेली, भाकरी थापता थापता, छातीत कळ येऊन. मला ठाऊक नव्हतं? तिच्या मातीला मी होतो की! पण मागं रांगेत अख्खं गाव उभं, सगळ्यांचे कान माझ्याकडं…

"सासू? नव्वदीत झाडावरून पडून गेली, बाई! चिंचा पाडायलती म्हातारी!"

हशा झाला. नर्सबाईही हसल्या, 'नाही'वर खूण केली. तंबाखू, मिश्री?

"छ्या! हिला चुन्याच्या वासानं शिंका येतेत!"

पुन्हा हशा. लेक सासरी गेल्यापासून कौसा दिवसातून चारदा मिश्री लावायची, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. पुडी कोण आणायचं? मीच, जिंतूरच्या बाजारातून.

"मीठ कमी करा, तीन महिन्यांनी या," एवढ्यावर आमचं भागलं. आमच्या मागच्या बाईचं प्रेशर कौसाइतकंच होतं. तिनं मिश्रीचं कबूल केलं, थोरला भाऊ छातीच्या दुखण्यानं गेल्याचंही सांगितलं. तिला लगेच गोळ्या मिळाल्या, परभणीला जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची चिठ्ठी मिळाली. ती बाई आजही कापूस वेचते.

कौसा दोन महिन्यांनी कापसाच्या ओळीत खाली बसली — ती उठलीच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तंबाखूची सवय होती का? लेक माझ्या शेजारीच उभी होती. आणि मी — मी म्हणालो, "लपून लावत असंल. आमाला कुठं सांगायलती ती!"

हसायला तिथं कुणी नव्हतं. तरीही म्हणालो.

लेक दरवर्षी आईच्या श्राद्धाला येते. पान वाढते अन् म्हणते, "आबा, आईनं लय फसवलं आपल्याला. नर्सबाईला खरं सांगितलं असतं तर आज असती." आणि मी मान हलवतो. गप्प राहता येत नाही का मला? येतं. पण मी मान हलवतो.

अजून एक राहिलं — इथवर येऊन तेच टाळत होतो. मिश्रीचं विचारलं तेव्हा कौसानं तोंड उघडलं होतं. "आवं बाई, मी तर—" एवढं म्हणालीही होती. मी टेबलाखाली तिचा पाय दाबला, अन् मग ती शिंकांची थाप मारली. गाव हसलं. माझ्याकडं बघून तीही हसली.

कौसानं काही लपवलं नव्हतं. ती सांगत होती. मी सांगू दिलं नाही.