दप्तराचा खटला

तमाम जनतेस कळविण्यात येते, की शारजातल्या एका भारतीय शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, मुलींच्या विभागात, दर गुरुवारी शेवटच्या तासाला एक सर्वोच्च न्यायालय भरत असे. त्याच्या निकालावर अपील नव्हतं. न्यायाधीश, सरकारी वकील आणि शिक्षेची अंमलबजावणी करणारा अधिकारी, अशा तिन्ही जागा मी एकटी सांभाळत होते. पगार मात्र एकाच जागेचा मिळायचा.

डोक्यावर पांढऱ्या लोकरीचा टोप असायचा. तो मी स्वतः विणला होता, इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जानेवारीतल्या त्या पंधरा-वीस दिवसांत. हातोडा म्हणजे व्हाइटबोर्डचा डस्टर. त्याचा आवाज अगदीच फुसका यायचा, म्हणून जोडीला मी पायही आपटायचे. पट्टेवाली म्हणजे सातवी 'ब'ची मॉनिटर, हैदराबादची एक दणकट मुलगी. तिने पुकारा केला की खालच्या मजल्यावरचे वर्गसुद्धा गप्प व्हायचे.

मी सहावी ते आठवीची सुपरवायझर. शिकवते समाजशास्त्र, आणि लग्नाआधी पुण्यात एकांकिकांतून कामं केलेली. तो किडा इथे येऊन वीस वर्षं झाली तरी मेला नव्हता. आमच्या शाळेत शिस्तीची एक पद्धत आहे. चूक केली की यलो स्लिप. तीन स्लिपा झाल्या की पालकांना बोलावणं, आणि मुलीने एक दिवस वर्गाऐवजी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. मला ते बघवत नसे. त्यापेक्षा माझं कोर्ट बरं! नखं रंगवणारीला मी महिनाभर फळ्यावर तारीख रंगवायची शिक्षा दिली होती. कॅन्टीनच्या रांगेत घुसणारीने आठवडाभर सगळ्यांत शेवटी उभं राहून प्रत्येकीला 'यल्ला, हबीबी, आपण पुढे व्हा' म्हणायचं होतं. मुली पोट धरधरून हसायच्या. आरोपीसुद्धा हसायची. निदान मला तसं वाटायचं.

कोर्ट इंग्रजीत चालायचं, मध्येच हिंदीत घसरायचं. मी इथे मराठीत सांगते आहे, कारण जे सांगायचं आहे ते मला दुसऱ्या भाषेत जमणार नाही.

एप्रिलमध्ये, शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा, सातवी 'ब'मध्ये एक मुलगी आली. किरकोळ अंगाची, दोन वेण्या, उत्तरं एका शब्दाची. आडनावावरून मराठी आहे म्हटल्यावर मला कोण आनंद!

"काय गं, कुठली तू?"

"रोल्ला," ती म्हणाली, म्हणजे इथलाच, शारजातला भाग.

"अगं, गाव कुठलं?"

"पप्पांचं दापोली."

तिचे वडील इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. एवढीच माहिती तिने मला दिली, आणि एवढीच मी विचारली.

वर्गातल्या बॅगा मागच्या भिंतीलगतच्या रॅकमध्ये ठेवायच्या, हा नियम. ही ठेवायची नाही. बॅग पाठीवर घेऊनच बसायची, त्यामुळे खुर्चीच्या अगदी कडेला, आता उठते की मग, अशी. फार बोललं तर बॅग मांडीवर यायची. वर्गशिक्षिकेने एक स्लिप दिली. गणिताच्या मॅडमनी दुसरी दिली. मेच्या अखेरीला वर्गशिक्षिका स्टाफरूममध्ये मला म्हणाली, "आता तिसरी देणार आहे. समजावून थकले. आता तुम्हीच बघा."

मी म्हटलं, बघतेच. गुरुवारी कोर्टात उभी करते, चार विनोद होतील, बॅग रॅकमध्ये जाईल, खलास. पोरगी बाकावर बसण्यापासून वाचेल. हेतू चांगलाच होता. पण खरं सांगायचं तर, खटला झकास रंगणार, याचाही आनंद होताच. बुधवारी मी घरी आरशासमोर तालीम केली. नवरा म्हणाला, "काय गं, एवढी कोणाची केस आहे?" मी म्हटलं, "एका बॅगेची."

गुरुवारी पट्टेवालीने तीनदा पुकारा केला. मुलगी उठली. पाठीवर बॅग.

"आरोपीवर आरोप असा," मी टोप सावरत म्हणाले, "की तिने आपल्या बॅगेशी लग्न लावलं आहे." वर्ग खिदळला. "घटस्फोटाला तयार आहेस?"

"नो, मॅम."

"कारण?"

"नथिंग, मॅम."

"दुबईला देराच्या सोन्याच्या बाजारातून काही उचललं आहेस का? आत किती किलो आहे?"

पुन्हा हशा. तीसुद्धा हसली, अगदी थोडंसं. पाहुणा न आवडणारी भाजी पानात घेतो, तसं. त्या हसण्याने मला चेव आला. मी टोप काढला आणि सरकारी वकील झाले.

"माय लॉर्ड, हा नियम कशासाठी आहे? उद्या इथे आग लागली, तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी!" आणि मग नुसतं सांगून भागेना, म्हणून मी आग लावली. ओढणी नाकाला लावली, खोकत खोकत बाकांमधून धावले. "धूर! धूर! काही दिसत नाही! दरवाजा कुठे आहे?" माझा आवाज मुळातच खणखणीत, त्या दिवशी तर विशेष लागला होता. तिच्या बाकापाशी आले, नसलेल्या बॅगेला अडखळले आणि एक्कावन्नाव्या वर्षी फरशीवर सपशेल आडवी झाले.

टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या!

फरशीवरून मला तिचे बूट दिसले. ते चालत होते. ती उठली होती. बॅगेचे दोन्ही पट्टे घट्ट ओढलेले, आणि शेजारच्या मुलीचं मनगट धरून ती तिला दाराकडे नेत होती. पळत नव्हती. कमरेत वाकून, डोकं खाली घालून, भिंतीला हात लावत चालली होती. शेजारची हसत हसत मागे ओढली जात होती.

आणि मी, पडल्या पडल्या, काय म्हणाले? मी मनात म्हणाले, काय ॲक्टिंग करते पोरगी!

"पकडा!" मी ओरडले. "आरोपी पुराव्यासकट पळते आहे! बॅग जप्त करा!"

पट्टेवालीने दारात हात पसरले. ती थांबली. बॅग तिच्या पाठीवरून कोणी काढली, ते मला नीट आठवत नाही. बॅग माझ्या टेबलावर आली आणि चेन मी उघडली, हे आठवतं.

वह्या-पुस्तकांच्या वर लहान मुलीचे सँडल होते. गुलाबी, नवे कोरे. ते मी उंच धरले तेव्हा वर्ग हसला. मग पारदर्शक प्लास्टिकची फाइल निघाली. तिच्यात चार पासपोर्ट आणि जन्माचे दाखले. तिथे हसू हळूहळू थांबलं. या देशातल्या मुलांना पासपोर्ट म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येकीच्या घरी ते कुलपात असतात, साड्यांच्या खाली, आणि वडिलांशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही. ते शाळेच्या बॅगेत नसतात. शेवटी चेनच्या प्लास्टिक पिशवीत घडी घातलेला एक नॅपकिन होता. ओला. मी पिशवी उघडून तो बाहेर काढला, त्यातून थेंब गळले.

"आणि हे काय?" मी विचारलं. आवाज अजून न्यायाधीशाचाच होता. काय चाललंय ते माझ्या तोंडाला अजून कळलं नव्हतं.

"मॅम, प्लीज," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याशी आपण होऊन मराठीत बोलली. "पिशवी बंद करा ना. तो सुकेल."

ती टेबलाशी आली. तिने नॅपकिन पिशवीत घातला, चेन बोटाने दोनदा दाबली, मग फाइल, मग सँडल. रडली नाही. प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली होती. घंटा झाली तेव्हा चाळीस मुली वर्गातून बाहेर पडल्या आणि खुर्ची सरकल्याचाही आवाज आला नाही. निकाल राहूनच गेला.

मध्ये शुक्रवार ते रविवार, इथली नेहमीची तीन दिवसांची सुट्टी. सोमवारी ती आली नाही. वर्गशिक्षिकेने तिसरी स्लिप बुधवारीच कॉम्प्युटरवर टाकून ठेवली होती आणि पालकांना निरोप आपोआप गेला होता. मंगळवारी वडील आले. गोदामातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, कंपनीच्याच शर्टात. मी खुर्ची दिली तरी आधी उभेच राहिले.

"मॅडम, तिची चूक आहेच," ते म्हणाले. "पण आम्ही फॉर्मवर लिहिलं होतं."

"कुठल्या फॉर्मवर?"

"ॲडमिशनच्या."

मग ते बसले आणि सांगू लागले. दीड वर्षापूर्वी, त्यांच्या आधीच्या इमारतीत, भर दुपारी आग लागली. ते कामावर होते. घरात त्यांची बायको आणि दोघी मुली, धाकटी तेव्हा तीन वर्षांची. जिन्यात धूर भरला होता. आई ओरडली, "फाइल घे, मी हिला घेते." पण धाकटी पलंगाखाली शिरली होती, हिच्या बाजूला. हिने बहिणीला ओढून काढलं, कडेवर घेतलं आणि खाली पळाली. फाइल राहिली. धाकटी अर्धा जिना हिच्या कडेवर आणि अर्धा अनवाणी उतरली. खाली सगळीकडे काचा होत्या.

"सगळे वाचले, देवाची कृपा," ते म्हणाले. "पण पासपोर्ट जळाले. नवीन व्हायला वेळ लागला. आणि त्यातच गावी माझी आई गेली. मला जाता आलं नाही."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढे सांगू लागले.

"तिला कोणी काही म्हणालं नाही हो, मॅडम. शप्पथ. आम्ही रोज सांगतो, तू बहिणीला उचललंस, तेच बरोबर केलंस. ती हो म्हणते. पण मी पासपोर्ट कपाटात ठेवले की जागीच राहते. मग म्हटलं, राहू देत तिच्याजवळ. नॅपकिन धुरात नाकाला लावायला, तो सकाळी स्वतः भिजवते. बस, तेवढंच तिचं आहे. त्रास काही देत नाही कोणाला."

ते गेल्यावर मी ऑफिसातून फॉर्म काढून आणला. शेवटच्या पानावर एक चौकोन असतो: आपल्या पाल्याविषयी शाळेला माहीत असावं असं काही. बहुतेक जण तिथे 'नाही' लिहितात, किंवा 'लाजाळू आहे'. इथे तिच्या आईने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, की आमच्या घराला आग लागली होती. मुलगी बॅग सोडत नाही. कृपया रागावू नये, आधी आम्हाला फोन करावा. खाली फोन नंबर. आणि त्याच्या खाली, 'वाचले' या शब्दापुढे, सुपरवायझरची सही. माझी. शेवटच्या अक्षराचा झोकदार फराटा थेट त्या चौकोनात शिरून आईच्या अक्षरांवरून गेलेला. एप्रिलमध्ये असे फॉर्म गठ्ठ्याने येतात. आम्ही सगळ्याच जणी ते शेवटच्या पानापासून उलटे धरतो, म्हणजे सह्या भराभर होतात.

त्या बाईंनी सगळं सांगितलं होतं. शाळेनेच विचारलं होतं, त्यांनी सांगितलं, आणि मी वाचल्याची सही केली.

तिसरी स्लिप मी रद्द करून घेतली. बॅग जवळ ठेवायची लेखी परवानगी काढली आणि सगळ्या शिक्षिकांना पाठवली. गठ्ठ्यातले उरलेले फॉर्म दोन दिवस बसून पुन्हा वाचले. त्यात आणखी तीन मुली निघाल्या, ज्यांच्या चौकोनात बरंच काही होतं. त्यांतल्या एकीला, ती रोज उशिरा येते म्हणून, मी 'महाराणी' अशी पदवी दिली होती. ते पान वाचल्यावर मी टोप पिशवीत भरला आणि घरी नेला.

त्या आठवड्यात ती आली नाही. पुढच्या रविवारी मी वडिलांना फोन केला, ते म्हणाले, "समजावतोय, मॅडम." सोमवारी आली. मी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. छान मागितली. आवाज नेमक्या ठिकाणी कापरा झाला, नेमक्या ठिकाणी थांबला. दोन मुली रडल्या, मॉनिटर तर हुंदकेच देऊ लागली. मला माझ्या आवाजाची किळस आली, पण मला दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलताच येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. सगळं संपल्यावर म्हणाली, "इट्स ओके, मॅम." मुठीत बॅगेची चेन धरलेली होती.

पुढे ती रोज येत राहिली. हळूहळू, इतर तासांना, बॅग पाठीवरून उतरून खुर्चीच्या पायाशी आली. वर्गशिक्षिका मला आनंदाने सांगायची. मी दारात दिसले की मात्र ती खाली वाकायची, बॅग उचलायची, पोटाशी घ्यायची आणि मग म्हणायची, "गुड मॉर्निंग, मॅम." अगदी नीट, हसून. मी तिच्या वर्गावर जाणं कमी केलं. ज्या गोष्टीला माझ्याजवळ औषध नव्हतं, तिच्यापासून मी लांब राहिले. त्याला मी समजूतदारपणा म्हणत होते.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मी रोल्लात भाजणी आणि पणत्या घ्यायला गेले होते. दुकानात ही गर्दी. काउंटरपाशी मला ते चौघं दिसले. वडिलांनी ओळखलं, हात जोडले, बायकोला म्हणाले, "अगं, ताईच्या शाळेतल्या मॅडम." ती मोठ्या अक्षरांत लिहिणारी बाई माझ्याकडे बघून भिडस्तपणे हसली. मुलगी फ्रॉकमध्ये होती, पाठीवर तीच बॅग. आणि तिचा हात धरून धाकटी, पाच वर्षांची, पायात गुलाबी सँडल.

ते सँडल बॅगेतून निघून पायात आले होते! मला इतकं बरं वाटलं, की मी पिशवी सावरत, गर्दीतून वाट काढत, दोन्ही हात पसरून पुढे झाले.

धाकटीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, झटकन बहिणीच्या मागे गेली, बॅगेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई, पळ! कोर्टवाल्या मॅम आल्या!"