हायपोचे थेंब

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी आप्पांना करकंबहून सोलापूरला आणलं. माझे वडील तीस वर्षं गावच्या पाणीपुरवठ्यावर होते. पहाटे पंप चालू करायचा, टाकीत ब्लीचिंग पावडर कालवायची, आळीआळीने व्हॉल्व्ह फिरवायचे, हे त्यांचं काम. लेकीच्या घरी राहायचं त्यांना अवघड वाटे. मी कॉलेजच्या ऑफिसात, नवरा चिंचोळीच्या एमआयडीसीत, मुलगी शिकायला बाहेरगावी. दिवसभर ते रिकाम्या घरात हातावर हात ठेवून बसत. चहासुद्धा स्वतः करून घेत नसत. "दुसऱ्याचं सैपाकघर हाय," म्हणत.

म्हणून मी मासे आणले. तीन फुटांची काचेची टाकी आणि सात गोल्डफिश. दुकान आमच्या ओळखीचं होतं. माझ्या लग्नाचे फोटो ज्यांनी काढले, त्या काकांचंच. मोबाइल आल्यावर त्यांचा स्टुडिओ बसला, तेव्हा त्याच गाळ्यात त्यांनी मासे ठेवले. त्यांनी आप्पांना स्टुलावर बसवून सगळं समजावलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने माशांचे कल्ले जळतात. एक तर पाणी उघड्या बादलीत दोन दिवस ठेवायचं, नाही तर त्यात हायपोचे थेंब टाकायचे. "फोटो धुवायला हाच हायपो वापरायचो आम्ही," ते म्हणाले आणि स्वतः बनवलेल्या औषधाची एक छोटी बाटली त्यांनी आप्पांच्या हातात दिली. बादलीला दहा थेंब.

आप्पा हसले. "जलमभर पाण्यात पावडर टाकली. आता काढायचं काम आलं की!"

तेव्हापासून आमच्या घरात आप्पांना काम मिळालं. शिवाय मित्रही मिळाला. संध्याकाळी ते काकांच्या दुकानात जाऊन बसत. दोघं चहा पीत, गप्पा मारत. काका कधी आमच्याकडे जेवायला येत. बाटली संपली की आप्पा नवी घेऊन येत. दोन वर्षं अशी सुखाची गेली. मासे वीतभर झाले होते. आप्पा काचेजवळ आले की सातही जण तोंड वर करून गोळा व्हायचे.

मध्ये एकदा आप्पा मला म्हणाले होते, "ह्या नव्या बाटलीत दम न्हाय गं. थेंब टाकलं तरी पाण्याचा वास जात न्हाय."

"आप्पा, काकांनी बनवलंय ते," मी म्हणाले आणि डबा भरून ऑफिसला गेले.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि पुरवून वापरायचं. माशांनाही त्यातलंच. त्या पावसाळ्यात गच्चीवरची टाकी धुवायला काढली होती आणि नेमकं माशांचं पाणी बदलायचा दिवस आला. आप्पांनी सकाळी नळाला आलेलं ताजं पाणी घेतलं.

मी दुपारी घरी आले तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडमिट करत होते. दोन आडवे झाले होते. आप्पा टाकीत हात घालून एकेकाला सरळ धरायला बघत होते. अंधार पडेपर्यंत सहा गेले. एक काळा तेवढा तगला.

"थेंब टाकले होते का?" मी विचारलं.

"टाकलं की. बादलीला दहा. पाण्याला वास लई हुता, म्हणून आनखी पाच टाकलं."

"मग असं कसं झालं?"

"मला तरी काय म्हाईत?"

मी तशीच काकांच्या दुकानात गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काउंटरवरचं फडकं उगाच इकडून तिकडे केलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. वय झालंय त्यांचं. विसरत असतील."

मला ते पटलं. एवढ्या सहज पटलं, हे आज लिहितानाही नको वाटतं. घरी येऊन मी आप्पांना म्हणाले, "विसरलात तर विसरलो म्हणा. खोटं कशाला बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी पिशवी भरली. "पंधरा दिस गावाकडं जाऊन येतो," म्हणाले. एसटीत बसवताना मी खिडकीशी उभी होते, पण ते समोर बघत राहिले. पंधरा दिवसांचा महिना झाला. फोन केला की, "हितं बरं हाय," एवढंच.

एकटा काळा मासा बघवेना, म्हणून मी काकांकडून आणखी दोन आणले. त्या वेळीही ते आप्पांची चौकशी करत होते. नंतर एकदा गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती, म्हणून मी नळाचं ताजं पाणी बादलीत भरलं. माझ्या हाताने थेंब मोजले. दहा. थोडं पाणी माशांच्या टाकीत ओतलं आणि पाचच मिनिटांत तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. मी घाईघाईने त्यांना पिंपातल्या शिळ्या पाण्यात टाकलं. मासे वाचले. मी मात्र तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाटली पर्समध्ये घालून कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या बाई माझ्या रोजच्या डब्याच्या मैत्रीण. त्यांनी दोन परीक्षानळ्यांत आयोडीनचं तांबूस पाणी घेतलं. एकीत लॅबमधल्या हायपोचे थेंब टाकले. रंग क्षणात उडाला. दुसरीत माझ्या बाटलीतले टाकले. पाच, दहा, वीस. रंग होता तसाच राहिला.

"अहो, हे साधं पाणी आहे," त्या म्हणाल्या.

काका दुकानात एकटेच होते. मी बाटली काउंटरवर ठेवली. "ह्यात काय आहे काका?"

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "हायपो मिळेना झाला होता ताई. मग म्हटलं, तुमच्याकडं पाणी चार दिवस टाकीत बसतंय, क्लोरीन आपोआप उडून जातं की. औषधाची गरजच नव्हती."

"हे कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"गरज नव्हती तर तसं सांगायचं. बाटली कशाला दिलीत?"

"त्यांना बरं वाटायचं. बाटली न्यायच्या निमित्तानं यायचे, बसायचे."

क्षणभर मला त्यांची कीवही आली. पण मी विचारलं, "आणि मासे मेले तेव्हा? तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना, कशानं मेले ते?"

त्यांचा हात पुन्हा काउंटरवरच्या फडक्याकडे गेला.

"तुमच्या मित्राला तुम्ही विसरभोळा ठरवलंत. माझ्यासमोर."

"हिंमत झाली नाही ताई," ते म्हणाले. हात जोडायला लागले, तशी मी बाहेर पडले. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाही. लग्नाचा अल्बम कपाटात आहे. तो काढून बघायची इच्छा होत नाही.

रविवारी करकंबला गेले. आप्पा ओट्यावर मटकी निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं. लॅबमधलं, दुकानातलं, काही लपवलं नाही. ते बोटांनी खडे बाजूला करत ऐकत होते.

"म्हंजी त्याला म्हाईत हुतं?"

"हो."

"आन मी रोज त्याच्या मांडीला मांडी लावून चहा प्यालो."

"आप्पा, माझं चुकलं. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता."

"त्यानं फशिवलं, ते जाऊ दे. त्यो परका मानूस." त्यांनी मटकीचं ताट खाली ठेवलं. "पर तीस वर्सं मी त्या पाण्याचा वास घेतलाय. गावात एका बी पोराला माझ्या पाण्यानं जुलाब झालं न्हाईत. तुला सांगितलं हुतं मी, बाटलीत दम न्हाय म्हणून. तू माझं न्हाय ऐकलंस, त्याचं ऐकलंस."

काकांवरचा राग मी वाटभर घेऊन आले होते. तो इथे काही कामाचा नव्हता. आप्पा उठून आत गेले आणि म्हणाले, "भाकरी टाकतो. जेवून जा."

आता ते करकंबलाच असतात. दिवाळीत चार दिवस आले होते. मुलीशी पत्ते खेळले, नवऱ्याबरोबर बाजारात गेले. माशांच्या टाकीकडे बघायचे, पण लांबूनच. एका सकाळी मी मुद्दाम बादली भरून त्यांच्यापुढे ठेवली. म्हणाले, "आप्पा, पाणी बदलायचंय. वास बघता का जरा?"

"तूच बघ," ते म्हणाले आणि पेपर उघडला.