भिकाआप्पांची हरकत

भिकाआप्पा कुणाच्याही घरात शिरण्याआधी दारचा खांब बोटाच्या पेरानं ठोकत, आवाज ऐकत आणि मगच चपला काढत. जुन्या सुरतेतल्या त्या शेरीत, म्हणजे गल्लीत, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते असाच एक खांब ठोकत होते आणि मी त्याच खांबाचे फोटो काढत होतो. वारसा क्षेत्र ठरवण्यासाठी चाललेल्या पाहणीत मी कंत्राटी नोकर होतो. गळ्यात ओळखपत्र, डोक्यात हवा. मी नोंद केली : खांब, शंभर वर्षांपूर्वीचा.

"साहेब, हाऊ खांब मीच बसाडेल शे," आप्पा म्हणाले. "मागली दिवाळीले."

मी सुरतेतल्याच उधन्यात वाढलो, घरात अहिराणीच. तरी त्यांना हिंदीत उत्तर दिलं. साहेब दिसावं म्हणून.

आप्पा धुळ्याकडचे सुतार. चाळीस वर्षं या शेरीतली लाकडी घरं तेच सावरत आले होते. मला रोज सोबत हिंडवत. मी ऐटीत सांगितलं, की एकटी हवेली म्हणजे वारसा क्षेत्र नव्हे; घरांची रांग, ओटे, गल्लीचं वळण, सगळं मिळून ते ठरतं.

"खरं शे," ते म्हणाले. "एक सोनाना दात म्हणजे काही तोंड नही."

मी दोन पानं लिहिली होती, तिथं त्यांना एक वाक्य पुरलं.

तरीही नकाशावर हद्द आखताना मी शेरीच्या टोकाची पाच घरं वगळली. साधी, पत्र्याची, सुतारांची. त्यांतल्या एकात आप्पा राहत. नकाशा पाहून ते एवढंच म्हणाले, "ज्यासनी नक्षी कोरी, त्यासलेच भाईर काढं का?"

"निकषात बसत नाहीत, आप्पा," मी म्हणालो. माझी मान वर झाली नाही.

मसुदा जाहीर झाला, हरकती मागवल्या. शेरीत सभा भरली. "भिंतीत खिळा ठोकायलाही परवानगी घ्यायची?" तिथं राहणाऱ्या कांताबेननी गुजरातीत विचारलं. मी वीस मिनिटं उत्तर दिलं. निम्मी माणसं उठून गेली. मग आप्पा उभे राहिले, गुजरातीतच बोलले. "आतला खिळा, रंग, मोरी तुमची. रस्त्याकडचं रूप बदलायचं तर विचारायचं. बस. आणि टोकाची पाच घरं आत घ्या, ही माझी हरकत." उठून गेलेले परत आले. कागदावर अठ्ठावीस सह्या झाल्या.

सुनावणीत वरिष्ठांनी विचारलं, "ही हद्द कुणी आखली?" मी आधी नकाशाकडे पाहिलं, मग छताकडे, आणि शेवटी म्हणालो, "मी. चुकीची आखली."

अंतिम यादीत पाचही घरं आली. ती निघण्याच्या महिनाभर आधी आप्पा वारले. यादी घेऊन मी वत्सलामायकडे, त्यांच्या बायकोकडे गेलो. मायनं ती उलटसुलट पाहिली.

"मंग आते पत्रा बदलाले तुले इचारनं पडी?"

"हो माय. अर्ज करावा लागतो."

"मंग बस. लिख."

मी बसलो. अर्जात एक रकाना होता : वास्तूचं महत्त्व. तिथं मी लिहिलं, येथे भिका मिस्त्री राहत. वरिष्ठांनी माझ्या शुद्धलेखनाच्या सात चुका लाल केल्या. त्या ओळीला हात लावला नाही.