बॅड न्यूजची प्रॅक्टिस

आमच्या एमबीएच्या बॅचमधली माणसं कुठं भेटली, की कोणी कोणाला "सध्या काय करतोस?" असं विचारत नाही. उत्तर ऐकून दोघांचाही चहा बेचव होतो. त्यापेक्षा किस्से बरे. एचआर शिकलेल्या माणसाकडं नोकरी नसली तरी किस्से भरपूर असतात, आणि घरच्यांना सांगण्यासारखे नसतात म्हणून साचत जातात. आज सांगून टाकतो. हसू आलं तर हसा, आम्हीही तेव्हा हसलोच होतो.

*

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गल्लोगल्ली मॅनेजमेंट कॉलेजं निघाली. आमचं पंडरीच्या कापडबाजारात, साड्यांच्या होलसेल दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली हमालांनी गठ्ठा टाकला, की वर आमची बाकं हलायची. "नई राजधानी को एचआर चाहिए!" असं बोर्डावर लिहिलं होतं. राजधानीनं तसं आम्हाला कधी कळवलं नाही.

पहिल्याच तासाला तिवारी सरांनी विचारलं, "ह्यूमन रिसोर्स किसे कहते हैं?" सर एका कारखान्यातून पर्सोनेल ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. मनानं फार भला माणूस. आम्ही पुस्तकातली व्याख्या आठवत बसलो. मागच्या बाकावरून साहू उठला. साहू उरल्याजवळच्या गावचा, कारखान्यांचा धूर खातच मोठा झालेला.

"सर, जो कम में मान जाए!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बैठ जाओ," ते म्हणाले, "कोर्स के बाद भी यही उत्तर आएगा."

*

वर्गात मराठी बोलणारे दोघंच, समजायचं मात्र सगळ्यांना. एक मी, तात्यापाऱ्याच्या जुन्या मराठी वस्तीतला, आणि दुसरी प्रतिभा मेश्राम. तिचे बाबा उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडं भट्टीवर होते. बोलताना मध्येच खोकायचे आणि मग काय सांगत होतो ते विसरायचे. घरात एकच गोष्ट ठरलेली होती. "मी खुर्चीवर बसली का बाबा घरी बसतीन," प्रतिभा म्हणायची. एवढ्यासाठी ती शिकत होती. आमच्यासारखी, दुसरं काही सुचलं नाही म्हणून नाही.

आमची इंडस्ट्रियल व्हिजिट नेमकी त्याच मिलमध्ये गेली. आम्ही भर उन्हात ब्लेझर घालून उभे. कोणीतरी मॅनेजरला विचारलं, "सर, एचआर डिपार्टमेंट किधर है?" त्यानं गेटवरच्या वॉचमनकडं बोट केलं. "हाजिरी भी वही लेता है, गाली भी वही देता है. और क्या करना है?"

तेवढ्यात शिफ्ट सुटली. प्रतिभाचे बाबा समोरून आले, तोंड काळं, खांद्यावर दुपट्टा. तिच्याकडं पाहिलं आणि सरळ निघून गेले.

संध्याकाळी तिनं घरी भांडण काढलं. "काहून ओळख नाही देल्ली?"

"तू सायबाइच्या संगं उभी होती," बाबा म्हणाले. "म्हटलं, तुह्या नोकरीत आडवं काहून याव?"

मला हे सांगताना ती हसत होती. मला आधी तिच्या बाबांचाच राग आला. मग नक्की कोणाचा यावा तेच कळेना.

*

दुसऱ्या वर्षी नॉलेज मॅनेजमेंट हा विषय लागला. सरांचं त्यातलं एक वाक्य ठरलेलं होतं, "आदमी चला जाता है, ज्ञान कंपनी में रहना चाहिए!" साहूनं प्रोजेक्ट घेतला तो एका छोट्या कारखान्यात. तिथं एक म्हातारा मिस्त्री होता. मशीन अडलं की मालकसुद्धा त्यालाच बोलवायचा. साहू रोज त्याच्यासोबत बसला, त्याच्या डब्यातलं जेवला, त्याला येत होतं ते सगळं विचारून घेतलं. म्हाताऱ्यानं हातचं काही राखलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, खूशच झाला होता बिचारा.

प्रोजेक्ट मालकासमोर ठेवला. मालकानं नीट ऐकून घेतलं.

"सब आ गया इसमें?"

"हव, सर," साहू छाती फुगवून म्हणाला.

"कुछ छूटा तो नहीं?"

"कुछ नहीं, सर!"

मालकानं वॉचमनला हाक मारली आणि म्हाताऱ्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायला लावलं.

त्या प्रोजेक्टला साहूला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. त्यानंतर तो मागच्या बाकावरून उठून कधी काही बोलला नाही.

*

कॅम्पसला एकच कंपनी आली. तीही सरांनी हातापाया पडून आणलेली. मुलाखतीला मी आत गेलो, समोर कंपनीचे साहेब.

"मराठी हो? नागपुर तो नहीं भाग जाओगे?"

"सर, माझे आजोबासुद्धा इथं रेल्वेत होते," असं मी हिंदीत सांगितलं. साहेबांना आजोबांत रस नव्हता.

"अच्छा, ये बताओ, प्लांट में कोई मर गया तो उसके घर जाके बोल सकते हो?"

मी घाबरलो. तोंडातून निघून गेलं, "सर, ये सिलॅबस में नहीं है."

"तो डलवाओ!" साहेब म्हणाले. "हमें इसी काम का आदमी चाहिए. बाकी काम तो वॉचमन कर लेता है."

प्रतिभाला मात्र त्यांनी बराच वेळ आत बसवलं, आणि जाताना "आपको ख़बर करेंगे" म्हणाले. ती बाहेर आली तशी मला म्हणाली, "आता बाबाले सांगतो, उद्यापासून भट्टीवर जाऊ नका." पण बाबा ऐकेनात. ऑर्डर हातात आल्याशिवाय सुट्टी नाही, म्हणाले. ऑर्डर यायची वाट पाहत ते रोज जातच राहिले.

*

सरांनी मात्र साहेबांचं ते 'डलवाओ' मनावर घेतलं. आमच्यातल्या चार जणांना तरी नोकरी लागावी म्हणून त्यांनी बॅड न्यूजचा तास सुरू केला. एकानं बातमी सांगायची, दुसऱ्यानं घरचं माणूस व्हायचं. एकदा मी विधवा झालो. साहूनं माझ्याकडं पाहिलं आणि त्याला जे हसू फुटलं, ते थांबेना! आम्ही सगळेच गडबडा लोळलो.

नीट जमायचं ते एकट्या प्रतिभाला. म्हणून सरांनी चुका काढायचं काम तिच्याकडं दिलं. बातमी बरोबर सांगितली की वर्गानं टाळ्या वाजवायच्या, हीही पद्धत पडली. सरावात गंमत राहावी म्हणून सर कधीकधी न सांगता बाहेरचं माणूस वर्गात धाडायचे. एकदा त्यांचा भाचा आला, नाव घेऊन एकाला त्याच्याच घरची बातमी सांगून गेला. एकदा खालचा साडीवाला आला, आणि बातमी सांगता सांगता स्वतःच रडला!

*

त्या दिवशी सर अजून यायचे होते. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट, बुटांवर धूळ. तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, पण त्याला सरांनी धाडलं नव्हतं. तो उरल्याहून आला होता. मेश्रामांचं घर मराठी, म्हणून मिलनं मराठी बोलणारा माणूस शोधून पाठवला होता. घराला कुलूप दिसलं म्हणून तो विचारत विचारत कॉलेजात पोचला.

"प्रतिभा मेश्राम कोण आहे?"

"आ गया, आ गया!" पोरं ओरडली. प्रतिभा हसत उभी राहिली.

तो दारातूनच एका दमात बोलला, "ताई, दुर्दैवानं तुमच्या बाबांचा मिलमध्ये ॲक्सिडेंट झाला, थोडंसंच लागलं आहे, तुम्ही चला."

सगळ्या चुका एकदम! वर्ग खदखदून हसला. प्रतिभानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"अहो भाऊ, असं नाही," ती समजावून म्हणाली. "दारात उभं राहून नाही सांगत. पह्यले समोरच्याले बसवा, मंग तुम्ही बसा. आन थोडंसंच लागलं काहून म्हणता? माणूस दवाखान्यापर्यंत आशा धरून जाते. जे झालं, तेच सांगा."

त्या माणसानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग आत आला. खुर्ची ओढली, तिला म्हणाला, "ताई, बसा." ती बसली. समोरच्या बाकावर तोही बसला. हेल्मेट खाली ठेवलं. आपलं नाव सांगितलं, मिलचं नाव सांगितलं.

"ताई, तुमचे बाबा गेले. सकाळच्या शिफ्टमध्ये, भट्टीपाशी."

मागून टाळ्या सुरू झाल्या. प्रतिभा आमच्याकडं वळली.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "आता बरोबर सांगतलं."