उंबऱ्यावर बसलेली सोनाबाई

सोनाबाई गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही गडहिंग्लजच्या एसटीत. दवाखान्यातला जुना शिपाई भेटला आणि सहज म्हणाला, "ती पोटुशींच्या खोलीवरची म्हातारी गेली की." म्हातारी! तिला नाव होतं... मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या दवाखान्यामागं एक पत्र्याची खोली होती. पावसाळ्यात वाटा बंद होत, म्हणून डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका दिवस भरत आले की तिथं येऊन राहत. त्यांना सांभाळायला सोनाबाई. ती बौद्ध. तिच्या हातची भाकरी कुणाला चालायची नाही, म्हणून जिनं तिनं आपली चूल पेटवायची आणि सोनाबाईनं उंबऱ्यावर बसायचं, अशी रीतच पडली. मी तिथं नर्स होते. "नुसती बसून काय राहतेस?" असं एकदा मीही तिला फटकारलं. "बसलोय कुठं सिस्टर? हात बघतोय की! पहिलटकरीण लाजती, कुणाला सांगत न्हाय. पर भाकरी थापताना हात मधीच थांबला की कळा सुरू झाल्या म्हणायचं." कळा सुरू झाल्याची तिची हाक कधी चुकली नाही.

मग नवे डॉक्टर आले. गरोदर बायका राबतात आणि ही बसते, म्हणून त्यांनी चुली बंद केल्या, जेवण बाहेरून सुरू केलं. सोनाबाईनं त्यांना हाताचं सांगितलं, तर ते हसले. आठच दिवसांत एक पहिलटकरीण भर दुपारी कुणाला न सांगता परसाकडं गेली आणि तिथंच बाळंत झाली. मूल गेलं. ठपका कुणावर? सोनाबाईवर! 'देखरेखीत हलगर्जी.' डॉक्टरांवर मी आजही दातओठ खाते, पण ठपक्याच्या त्या कागदावर माझीही सही आहे. तिला काढून टाकलं. जाताना एवढंच म्हणाली, "चूल असती तर कळलं असतं, सिस्टर."

परवा तिच्या घरी गेले. सून भाकरी थापत होती, सात महिन्यांची पोटुशी. "आत्या जायच्या आदल्या दिवसापत्तोर उंबऱ्यावर बसायच्या," ती म्हणाली, "माझ्या हाताकडं बघत." तिनं गरम भाकरी पुढं केली. इतकी वर्षं सोबत काढून सोनाबाईच्या हातचा घासही मी कधी खाल्ला नव्हता. भाकरी घेऊन मी उंबऱ्यावर टेकायला गेले, तशी सून पटकन म्हणाली, "तिथं नगं बाई. ती आत्यांची जागा हाय."

मी उभ्यानंच खाल्ली.