डाव्या पायावर पाच श्वास

रुग्णालयाच्या कागदांवर पदाचं नाव ‘वायरमन’ असं होतं. त्या पदावर बाई आली तेव्हा तिला काय म्हणायचं यावर कुणी फार डोकं चालवलं नाही. सगळे ‘वायरमनबाई’ म्हणायला लागले आणि एकोणीस वर्षं तेच नाव चिकटून राहिलं. वॉर्डातला दिवा फडफडायला लागला की नर्स फोन करायची, “बाईंना पाठवा हो, पेशंट म्हणतायत डोळ्यांपुढे काजवे चमकतात,” आणि पंधरा मिनिटांत बाई हजर. कमरेला पक्कड आणि टेस्टर, खांद्यावर शिडीचं एक टोक, आणि दुसऱ्या टोकाला लांब्या.

लांब्या त्यांचा मदतनीस. साध्या खोलीतला दिवा तो शिडीशिवाय बदलू शकायचा, म्हणून लांब्या. बाई त्याला लांब्याभाऊ म्हणायच्या. तो खाली शिडी धरायचा, बाई वर चढायच्या. ‘धरलीत ना?’ असं बाईंनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तो खाली आहे हे त्यांच्या तळपायांना ठाऊक असायचं.

मग एक दुपार अशी आली, की तो खाली होता पण त्याचे हात शिडीवर नव्हते.

मुख्य दारापाशी छत फार उंच होतं. बाई सातव्या पायरीवर होत्या. दिव्याचा शेवटचा स्क्रू जरा लांब होता, म्हणून त्यांनी एका अंगाला झुकून हात लांबवला. एक पाय पायरीवरून सुटून अधांतरी झाला, आणि शिडी हलली. पडताना डावी टाच आधी फरशीवर आपटली. टाचेचं हाड तीन ठिकाणी फुटलं. डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि सहा स्क्रू घालून ते कसंबसं जुळवलं.

चौकशीत लांब्याने एकच वाक्य सांगितलं, “माझे हात शिडीवर नव्हते.” का नव्हते, असं साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. आठवड्याभरात त्याने स्वतःहून तळघरातल्या पाण्याच्या पंपांवर बदली मागून घेतली. बाईंना भेटायला तो आला नाही. बाईंनीही त्याचं नाव काढलं नाही. कुणी विषय काढलाच, तर त्या पायावरची चादर सारखी करत बसायच्या.

आठ महिन्यांनी त्या कामावर परतल्या, तेव्हा त्यांना फोनजवळची खुर्ची मिळाली. तक्रार ऐकायची आणि दुसऱ्याला पाठवायचं, एवढंच काम. हाड जुळलं होतं, पण तोल गेला होता. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की त्या एका बाजूला कलायच्या. रस्त्यावर साधी एक पायरी उतरायची तर हात भिंत शोधायचा. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “हाडाला आता काही झालेलं नाही. पण पाय सगळं विसरलाय. त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल. सिस्टरांकडे जा.”

सिस्टर म्हणजे त्याच रुग्णालयात जन्म घालवून निवृत्त झालेल्या नर्स. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी पाच वाजता, फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये त्या कर्मचाऱ्यांना योगासनं शिकवायच्या. आवाज अजून ऑपरेशन थिएटरमधलाच होता. हळू, पण न ऐकण्याची सोय नाही असा.

“डॉक्टरांची चिठ्ठी?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून ठेवून दिली. “जेवून किती वेळ झाला?”

“चार तास.”

“ठीक. दुखलं तर सांगायचं. ओढ बसली तर हरकत नाही, पण टोचलं की थांबायचं. इथे शौर्यपदक मिळत नाही.”

पलीकडे लाँड्रीतली एक बाई आसन करत होती. एक पाय जमिनीवर, दुसरा मागे कमरेइतका उंच, अंग सगळं आडवं. एक हात खाली लाकडी विटेवर, दुसरा छताकडे. वायरमनबाईंचा हात भिंतीकडे गेला. शिडीवरून पडताना त्या अगदी याच आकारात होत्या.

“हे काय आहे?”

“अर्धचंद्रासन.”

“मला हेच शिकायचंय.”

“सगळ्यांना तेच शिकायचं असतं,” सिस्टर म्हणाल्या. “आधी दोन पायांवर उभं राहायला शिका.”

“ते येतं की मला.”

“नाही येत. डावी टाच उचलून धरलीय तुम्ही. मगापासून बघतेय.”

बाईंनी खाली पाहिलं. टाच खरोखरच फरशीपासून बोटभर वर होती.

पुढचे सहा आठवडे त्या फक्त उभ्या राहिल्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी. अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा आणि टाच, तिन्हीकडे सारखा भार. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पाच मिनिटांत बाईंना घाम फुटायचा. मग दोन पावलांत वीतभर अंतर ठेवून. मग त्रिकोणासन, पाठ भिंतीला लावून. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे की नाही, हे सिस्टर वाकून बघायच्या. बाईंचा श्वास अडकला की त्यांना न बघताच कळायचं. “श्वास थांबला म्हणजे आसन संपलं. उतरा.”

सातव्या आठवड्यात बाईंचा धीर सुटला. रविवार होता. नवरा शिंपी, बाहेरच्या खोलीत मशिनवर कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत बसला होता. बाई स्वयंपाकघरात गेल्या, ओटा आणि कपाट यांच्यामधल्या जागेत उभ्या राहिल्या आणि सरळ पाय उचलला. पायात लोकरी मोजे होते. पाय सर्रकन घसरला. मनगटावर सगळा भार आला. कपाटातल्या दोन बशा उगाचच हुतात्मा झाल्या.

नवरा गळ्यातल्या टेपसकट धावत आला. मनगट दाबून पाहिलं, बर्फ आणून लावला. मग म्हणाला, “अगं, एखादी बाही चुकली तर मी उसवून पुन्हा शिवतो. तुला कुठून उसवू?”

“अहो, चुकलं माझं.”

“मला सांगू नकोस. सिस्टरांना सांग.”

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “भिंत नव्हती. वीट नव्हती. पायात मोजे. याला आसन म्हणत नाहीत, अपघाताचा अर्ज म्हणतात.” आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. “घाई कसली आहे?”

“त्या फोनच्या खुर्चीत मला म्हातारं व्हायचं नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. अपघातानंतर त्या पहिल्यांदाच चारचौघांत रडल्या. सिस्टरांनी त्यांना रडू दिलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मनगट बरं होईपर्यंत हात टेकवायचा नाही. आणि घरी एकटीने हे करायचं नाही. पाय उचलायला मी नंतर शिकवीन. आधी उतरायला शिकवते.”

आणि खरंच, त्यांनी आसन उलट्या बाजूने शिकवलं. तोल जातोय असं वाटलं की उभ्या पायाचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय सावकाश खाली आणायचा, मग हात, मग मान. उडी मारायची नाही, झटका द्यायचा नाही. भिंतीपाशी, पाय जेमतेम इंचभर उचलून, बाई शंभर वेळा तरी उतरल्या असतील. मनगट सुधारल्यावर वीट आली. वीट करंगळीच्या पुढे एक वीत, थोडी बाहेरच्या बाजूला. हात तिच्यावर नुसता ठेवायचा, भार पायावरच. गुडघा सरळ, पण मागे दाबून कुलूप घालायचं नाही. नजर खाली फरशीवर. वर बघायची हौस पुढच्या वर्षी.

पाचव्या महिन्यात, पाठ आणि मागची टाच भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंना आसन जमायला लागलं. आता भिंतीपासून दूर यायचं होतं. त्यासाठी मागे कुणीतरी उभं हवं. बाईंनी नवऱ्याला आणलं. त्या बिचाऱ्याने पाय उचलायच्या आधीच बायकोची कंबर अशी गच्च धरली, की सिस्टर म्हणाल्या, “सोडा त्यांना, माप घ्यायचं नाहीये.” सगळे हसले. नवऱ्याचा हात काही सुटेना. त्याने आठ महिने बायकोला उचलून न्हाणीघरात नेलं होतं. त्याचं चुकत नव्हतं.

“असं कुणी आहे का,” सिस्टरांनी विचारलं, “जे मागे असताना तुम्ही वळून बघत नाही?”

बाईंच्या तोंडून निघून गेलं, “होतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्या तळघरात उतरल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी. पंपांच्या घरघरीत त्यांची चाहूल लांब्याला लागली नाही. तो स्टुलावर बसून व्हॉल्व्हला ग्रीस लावत होता. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तो ताडकन उठला आणि त्याचं डोकं वरच्या पाइपाला आपटलं.

“लागलं का?” बाईंनी विचारलं.

“नाही. तुमचा पाय?”

“चालतोय.” पंपाच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि हे असं ओरडून विचारायचं नव्हतं, पण त्यांनी विचारलं. “हात का काढलेत, लांब्याभाऊ? कुणी हाक मारली होती?”

“कुणी नाही.” त्याने ग्रीसचे हात फडक्याला पुसले, पुसतच राहिला. “चष्मा पुसत होतो. धूळ बसली होती. बस. मी आठवून आठवून थकलो, बाई. कुणी हाक मारली असती, कुणाला चक्कर आली असती, तर निदान सांगता तरी आलं असतं. काहीच नव्हतं. चष्मा.”

एवढे महिने बाईंनी मनात त्याच्यासाठी कितीतरी कारणं तयार केली होती, काही माफ करण्याजोगी, काही न करण्याजोगी. चष्मा त्यांतल्या कशातच बसत नव्हता.

“मी उतरून शिडी सरकवायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटांचं काम. कंटाळा केला आणि हात लांब घातला. हे मी चौकशीत बोलले नाही. तुम्ही सगळं तुमच्यावर घेतलंत, आणि मी घेऊ दिलं.”

लांब्या खाली बसला.

“शुक्रवारी पाचला वर या. माझ्या मागे उभं राहायचंय.”

“मला नाही जमणार, बाई.”

“मलाही जमत नाही. म्हणूनच सांगतेय.”

शुक्रवारी तो आला. कोपरापर्यंत हात धुऊन, चपला दाराबाहेर ठेवून. सिस्टरांनी त्याला बाईंच्या मागे, हातभर अंतरावर उभं केलं. “हात असे पुढे. लावायचे नाहीत. पडल्या तरच धरायचं, हलल्या तर नाही. कळतो ना फरक?”

“कळतो,” लांब्या म्हणाला.

उजव्या पायावर आधी. ते ठीक झालं. मग डावा. बाईंनी गुडघा वाकवला, हात विटेवर नेला आणि मागचा पाय उचलायला गेल्या, तर तो उचलेचना. खिळल्यासारखा. पाठीमागे कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि टाचेतून एक जुना गारठा वर चढत होता. त्या परत सरळ उभ्या राहिल्या.

“टोचतंय?” सिस्टरांनी विचारलं.

“नाही. भीती वाटतेय.”

“ती चालेल. पुन्हा.”

दुसऱ्या वेळी पाय उचलला गेला. कमरेपर्यंत. एक श्वास. दुसरा. मग घोटा डगमगला, अंग पुढे कललं, आणि क्षणभर तीच दुपार, तीच फरशी. लांब्याचे हात झेपावले.

“थांबा!” सिस्टर म्हणाल्या. हात बाईंच्या कमरेपासून दोन बोटांवर थांबले.

बाईंनी गुडघा वाकवला. मागचा पाय सावकाश खाली आणला. मग हात. मग मान. दोन्ही पावलं फरशीवर. त्या पडल्या नव्हत्या. उतरल्या होत्या.

लांब्याने हात खाली घेतले आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

तिसऱ्यांदा डाव्या पायावर पाच श्वास झाले. पाचवा सिस्टरांनी मोठ्याने मोजला. सहावा बाईंना हवा होता, पण त्या थांबल्या. उतरून सरळ उभ्या राहिल्या, वळल्या, आणि लांब्याला म्हणाल्या, “चष्मा पुसा आता. वाफ धरलीय.”

त्यानंतर बाईंनी साहेबांकडे आपलं जुनं काम परत मागितलं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं: चौथ्या पायरीपर्यंत, त्यावर नाही, कायमचं. बाईंनी वाद घातला. पाय उचलून दाखवते म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, “पाय मी पाहिला. पण आतलं हाड मला दिसतं, तुम्हाला नाही.” त्या दिवशी घरी येऊन बाई जेवल्या नाहीत. नवऱ्याने ताट झाकून ठेवलं आणि मशिनवर जाऊन बसला. सकाळी त्यांनी कागदावर सही केली. बेडजवळचे दिवे, बटणं, नर्सच्या घंटा, खालची वायरिंग हे सगळं आता त्यांचं. उंच छताचं काम दुसऱ्यांचं. मुख्य दारापाशी कुणी शिडी लावली असेल, तर बाई थोडा वळसा घेऊन मागच्या दाराने जातात.

लांब्या पंपांवरच राहिला. वर यायला त्याने नकार दिला. खाली शांत वाटतं, म्हणाला, त्या घरघरीत कसलं शांत ते त्यालाच ठाऊक. शुक्रवारी मात्र पाच वाजता येतो आणि आता स्वतःही आसनं करतो. एवढ्या उंच माणसाला एका पायावर उभं करणं म्हणजे विजेचा खांब बाटलीत रोवण्यासारखं आहे, असं सिस्टरांचं मत आहे.

थंडीत बाईंची टाच अजून ठणकते. अशा दिवशी त्या मुकाट्याने भिंतीजवळ जाऊन पाठ टेकवून उभ्या राहतात, आणि त्याचं कारण कुणी विचारत नाही.